रविवारची दाढी

माझ्या वडिलांच्या काळापर्यंत आमच्या घरातल्या पुरुषांनी स्वतःची दाढी स्वतः कधी केली नाही, आणि न्हाव्याच्या खुर्चीवरही ते कधी बसले नाहीत. वाचणाऱ्याला हे कोडं वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात न्हावी होता, पण तो आमच्या वाडीत येत नसे आणि आमची माणसं त्याच्या ओट्यावर चढलेली कुणाला चालत नसत. गावातल्या म्हशी भादरायला तो जाई, माझ्या आजोबांच्या डोक्याला मात्र त्याचा हात लागत नसे. मग वाडीतले पुरुष एकमेकांची डोकी आणि दाढ्या करायला शिकले. माझे वडील मुंबईला आले, शिवडीला कापसाच्या गोदामात लागले, परळच्या चाळीत खोली मिळाली. धर्मांतर झालं, घरातला देव्हारा गेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण ही सवय काही सुटली नाही. नाक्यावर सलून होतं. त्याचा मालक भला माणूस, गिऱ्हाइकाची जात विचारणारा नव्हता. बाबा त्याच्या बाकावर बसून पेपर वाचत, राजकारणावर वाद घालत, त्याच्याच पैशाने चहा पीत. खुर्चीवर मात्र बसत नसत. "माझ्या बापाला ओट्यावर पाय ठेवू दिला नाय, आनि मी पैसे देऊन खुर्चीवर बसू व्हय?" असं ते म्हणायचे. तो न्हावी वेगळा, हा वेगळा, असं आईने एकदा समजावून पाहिलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पेपर उलटला. आईने हातातलं पातेलं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं, त्यात तिचं मत आलं.

रविवारी सकाळी आमच्या मजल्याला जाग यायची ती स्टूल फरशीवरून ओढल्याच्या आवाजाने. गंगारामकाका यायचे. ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत राहायचे. बाबांच्याच गावचे, बाबांच्याच वयाचे, मिलमध्ये रंगखात्यात कामाला. नखांच्या कडा कायम निळ्या. "भावोजी, स्टूल उचलून आना, लोकं झोपल्यात अजून," आई आतून ओरडायची. "झोपू द्यात की वहिनी, रविवार हाय," म्हणत काका ते आणखी ओढायचे. आत स्टोव्हवर पहिलं पाणी दाढीचं तापायचं, मग चहा व्हायचा, आणि मग धुऊन ठेवलेली बकऱ्याची वजडी चढायची. वजडीला शिजायला वेळ लागतो. तेवढ्यात बाहेर दोघांच्या दाढ्या आणि असतील तर केसही उरकायचे. साबणाचा आणि लसणाचा वास एकत्र आला की मला अजून रविवार वाटतो, मग वार कुठलाही असो. मी तेव्हा अकरावीत होते. पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसायचे, पण पुस्तकात कमी आणि बाहेर जास्त बघायचे. एका रविवारी आधी बाबा काकांची दाढी करायचे, दुसऱ्या रविवारी आधी काका बाबांची. पहिला नंबर कुणाचा यावरून दर खेपेला वाद व्हायचा, आणि तो वाद दोघांनाही हवाच असायचा.

बाबांची दाढी साधी नव्हती. केस दाट, जाड आणि कुरळे. कापले की त्यांना टोक यायचं, आणि वळून ते पुन्हा कातडीतच शिरायचे. मग तिथे लाल फोड उठायचा, ठणकायचा, कधी पिकायचा. त्यात गोदामातली कापसाची पिंज. वाढलेल्या खुंटांत ती अडकून बसायची आणि घामाबरोबर दिवसभर चावायची. म्हणजे दाढी ठेवून चालत नव्हतं आणि कशीतरी करूनही चालत नव्हतं. गंगारामकाकांना हे सगळं पाठ होतं. साबणपाण्याच्या आधी ते बोटांनी बाबांचा गळा चाचपायचे, केस कुठल्या अंगाला झोपलेत ते बघायचे. गालावर ते सरळ खाली जायचे, हनुवटीशी तिरके व्हायचे, आणि डाव्या जबड्याखाली एक भोवरा होता, तिथे ते चहूकडे फिरलेले असायचे. मग गरम पाण्यात पिळलेला पंचा बाबांच्या तोंडावर टाकून काका निवांत चहा प्यायला बसायचे. पंच्याखालून बाबा "आटप की रे" करायचे. कप रिकामा होईपर्यंत पंचा हलायचा नाही. मग ब्रशने फेस, आणि तोही नुसता फासायचा नाही, केस उभे राहीपर्यंत गोल गोल घोळवायचा. वस्तरा जायचा तो केसांच्या अंगानेच, थोडा थोडा, मध्ये पाण्यात बुडवून. कातडी ताणायची नाही, दाब द्यायचा नाही, फेस निघालेल्या जागेवर कोरडा वस्तरा पुन्हा न्यायचा नाही. भोवऱ्यापाशी आले की काका स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन, मनगट वळवून, वस्तरा फिरवत न्यायचे आणि म्हणायचे, "हितं जपून बाबा. हितली केसं ह्याच्यासारकीच उलट्या डोक्याची." दाढी चालू असताना माणसाला बोलता येत नाही, त्याचा काका पुरेपूर फायदा घ्यायचे.

सगळं झालं की बाबा गालावरून हात फिरवायचे. "खरखर लागतेय रे. एकदा उलटा फिरव की." काका वस्तरा पुसत म्हणायचे, "लागू दे. तुला काय नवरदेव व्हायचाय? गुळगुळीत करायला जाईन, उद्या फोड येतील, आनि शिव्या मला घालशील." मग गार पाण्याचे हबके, पंचा दाबून टिपायचा, घासायचा नाही, आणि वर खोबरेल तेलाचा हात. तुरटी फक्त रक्त आलं तर, आणि रक्त येतच नसे. बाबांची मान त्या काळात स्वच्छ होती. गोदामातले बाकीचे लोक मानेला फडकं गुंडाळून खाजवत बसायचे, त्यांत बाबा उठून दिसायचे असं आई सांगायची. ती अशी कौतुकं बाबांच्या पाठीमागेच करायची.

आता मी त्याच परळमध्ये, पण लिफ्टच्या इमारतीत राहते, आणि माझा नातू निखिल आरशासमोर उभा राहून मोबाइलवर दाढी कशी करावी ते बघतो. त्याच्या कपाटात नाना तऱ्हेचे जेल आणि लोशन आहेत, चार-चार पात्यांचं मशीन आहे, आणि मानेवर पणजोबांचे फोड आहेत. वारशात माणसाला काय काय मिळतं ते सांगता येत नाही. परवा मी त्याला म्हटलं, "आधी बोटाने बघ केस कुठे वळलेत ते. आणि एवढं दाबू नकोस." तो हसला. "आजी, तुला दाढीतलं काय कळतं गं?" जन्मभर मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्याला क्लासला जायचं होतं. म्हणून ते इथे लिहिते आहे.

गंगारामकाका गेले ते फार साधेपणाने. शनिवारी मिलमधून आले, बायकोकडे, सरूकाकूंकडे, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत भिंतीला टेकून गेले. गावाकडची माणसं यायची होती, म्हणून अंत्ययात्रा रविवारी सकाळी ठरली. सकाळी त्यांना आंघोळ घालायची तयारी चालली होती तेव्हा सरूकाकू बाबांना एवढंच म्हणाल्या, "भावोजी, आठवड्याची दाढी हाय त्यांची." बाबा उठले, आमच्या खोलीत आले आणि आईला म्हणाले, "पानी ठेव." पाणी तापायला वेळ लागला. बाहेर कुणीतरी म्हणालं की आता गार पाण्याने केलं तरी चालण्यासारखं आहे. बाबा म्हणाले, "गार पानी सोसत नाय त्याला." मी दारातून बघत होते. बाबांनी पंचा गरम पाण्यात पिळून काकांच्या तोंडावर ठेवला आणि नेहमी ठेवायचे तेवढा वेळ ठेवला. बाकीची माणसं उभी राहिली. फेस घोळवला, केसांच्या अंगाने वस्तरा नेला, पंच्याने टिपलं, तेलाचा हात लावला. एकदाही घाई केली नाही. मग पांढरे कपडे घालून, त्रिशरण म्हणून काकांना भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. बाबा तिथून आले आणि जेवले. आम्हाला वाटलं, सावरले.

पुढच्या रविवारी बाबांनी स्टूल गॅलरीत ठेवलं आणि त्यावर जाऊन बसले. आईने सवयीने पाणी तापवलं होतं. तिने ते बाहेर नेऊन ठेवलं आणि ती आत आली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. बाबा पेपर नाही, बोलणं नाही, नुसते बसून होते. पाणी निवल्यावर आईने ते उचललं आणि भांड्यांना वापरलं. त्या आठवड्यात पिंज चावायला लागली तेव्हा त्यांनी नाक्यावरून दाढीचं मशीन आणलं आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले. आयुष्यात स्वतःच्या तोंडावर त्यांनी पातं धरलं नव्हतं. कातडी बोटाने ओढून धरली, खालून वर, उलट अंगाने, दाबून, एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा. दिसायला दाढी झकास झाली. दोन दिवसांत मान लाल झाली, फोड आले, पिकले, वर गोदामाची धूळ. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि फोड बसेपर्यंत पातं लावू नका म्हणून बजावलं. फोड बसले. दाढी तशीच राहिली. संध्याकाळी कामावरून यायचे तेव्हा दाढीत कापूस अडकून ती पांढरी दिसायची, आणि चाळीच्या जिन्यात मला एकदा ते आजोबाच वाटले. वरच्या मजल्यावरच्या एकाने करून देतो म्हटलं, त्याला नको म्हणाले. आईने सलूनचं नाव काढलं, तेव्हा जेवणावरून उठले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरातलं कुणी गेलं की पुरुषांनी दाढी करायची नाही, मग ठरलेल्या दिवशी सगळं उतरवायचं, ही सुतकाची जुनी रीत. धर्मांतरानंतर आमच्या समाजाने ती सोडली, आणि ती सोडवण्यात आमच्या चाळीत सगळ्यात कडक कोण असेल तर माझे वडील, भिकाजी. खालच्या मजल्यावरचा एक तरुण बाप वारल्यावर गावच्या चुलत्यांच्या आग्रहाने डोकं भादरून आला होता. बाबांनी भर विहारात त्याला विचारलं होतं, "केस दिलेस, बाप आला काय परत?" तो बिचारा कितीतरी दिवस विहाराकडे फिरकला नाही. लोकांना असल्या गोष्टी बऱ्या लक्षात राहतात. आता त्याच बाबांची दाढी आठवड्यामागून आठवडे वाढत होती, तीही मित्र गेल्यापासून. नळावर बायका बोलायला लागल्या. मग पुरुषही. भिकाजी सुतक धरून बसलाय, ही बातमी आमच्या घरात सगळ्यात शेवटी आली.

ती घेऊन आले विहार समितीचे मास्तर. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेले, सावकाश बोलणारे, मनाने सरळ. गंगारामकाकांचा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाला आठवायची सभा, गावची माणसं यावीत म्हणून जरा उशिराच ठेवलं होतं, ते येत्या रविवारी दुपारी होतं. मास्तरांनी चहा घेतला, कप खाली ठेवला. "भिकाजी, तू बोलावंस अशी सरूवहिनींची इच्छा आहे. पण लोक म्हणतायत, तू सुतक पाळतोस."

"म्हनू द्यात."

"मग दाढी का करत नाहीस?"

बाबांनी मास्तरांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"हे बघ, माझं तुझ्यावर काही म्हणणं नाही. पण त्या पोराला आपण भर सभेत बोललो होतो. तू असा उभा राहिलास तर तो उद्या उठून विचारेल. त्याला काय सांगायचं?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मग मी येत नाय. दुसरं कुनीतरी बोलंल."

मास्तर गेल्यावर घरात कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. थोड्या वेळाने सरूकाकू आल्या. आमच्या भिंती पातळ, आणि ही गोष्ट भिंतीतून नसती गेली तरी गॅलरीतून गेलीच असती. त्या दारातच उभ्या राहिल्या. "भावोजी, तुमी नाय बोललात तर कोन बोलनार? बाकीच्यांना ते रंगखात्यातले गंगाराम म्हनून ठावं. मानूस म्हनून तुमालाच ठावं." बाबांनी मान वर केली नाही. काकू निघून गेल्या. मला बाबांचा भयंकर राग आला. आईशी, शेजाऱ्यांशी, साऱ्या जगाशी तावातावाने भांडणारा हा माणूस, आणि मित्रासाठी चार शब्द बोलायची वेळ आली तर असा मुकाट्याने बसतो, हे मला सहन होईना.

रविवारी सकाळी मी आईच्या आधी उठून पाणी तापवलं. बाबा खिडकीशी बसले होते. मी स्टूल उचललं आणि म्हटलं, "बाबा, चला. मी करते."

"काय?"

"दाढी."

"गप गो," आई अंथरुणातून म्हणाली. "बापाच्या गळ्याला पोरगी पातं लावते काय?"

"तुला कुठं येते?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला तरी कुठं येते?"

आई हसली आणि लगेच पदर तोंडावर घेतला. बाबांना हसू आलं नाही. मग ते बोलले ते माझ्याशी नव्हे, खिडकीशी. "तसं नाय गो. त्या दिवशी मी त्याची केली. त्याचा नंबर ऱ्हायला. गावाला असल्यापासून मी त्याची आनि त्यानं माझी, एक केली आनि एक ऱ्हायली असं कदी झालं नाय. आता दुसऱ्या कुनाकडनं करून घेतली, तर मग संपलंच की सगळं."

तेव्हा मला कळलं. लोक म्हणत होते ते खरं नव्हतं, आणि आम्ही समजत होतो तेही नव्हतं. त्यांना फोडांची भीती नव्हती, सलूनचा हेका नव्हता. ते नंबर लावून बसले होते. मला रडू आलं, पण त्याच्यासोबत जे तोंडात आलं ते मी गिळलं नाही. "संपलंय ते, बाबा. गंगारामकाका येणार नाहीत."

आई उठून बसली. बाबांशी असं कुणी बोलत नसे, मी तर नाहीच. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हात उगारतील. पण ते उठले, भिंतीच्या खुंटीवरचा पंचा काढला आणि माझ्या हातात दिला. "वस्तरा देनार नाय तुझ्या हातात," ते म्हणाले.

"मशीननेच करणार आहे. नवीन पातं लावलंय."

"आत बसू काय?"

"बाहेर. उजेड बाहेर आहे."

मी स्टूल गॅलरीत ठेवलं आणि ते त्यावर जाऊन बसले. वाढलेली दाढी आधी कमी करणं भाग होतं, आणि ते आईने केलं. शिवणाची कात्री घेऊन आली, एक अक्षर न बोलता भराभर कापत गेली, आणि कापलेले केस पेपरात गुंडाळून आत निघून गेली. तोवर गॅलरीत माणसं उभी राहिली होती. कुणी दात घासत, कुणी नळाची बादली घेऊन. मी आधी बोटं गरम पाण्यात बुडवली. मग डोळे मिटून बाबांचा गळा चाचपला. वडिलांच्या चेहऱ्याला मी लहानपणानंतर हात लावला नव्हता. कातडी माझ्या अंदाजापेक्षा मऊ आणि सैल होती, आणि खाली शीर उडत होती. गालावर केस खाली, हनुवटीशी तिरके. डाव्या जबड्याखाली बोट थांबलं. तिथे जुन्या फोडांच्या गाठी होत्या, आणि त्यांच्यामधून केस कसे फिरलेत ते लागेना.

"बाबा, इथे काका कुठून सुरू करायचे?"

"मला काय ठावं?" बाबा म्हणाले. "माझे डोळे मिटलेले असायचे."

इतकी वर्षं तो गळा त्यांचा होता, आणि तो कसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ते एका माणसाला माहीत होतं, आणि तो गेला होता. हे त्यांच्याही त्याच क्षणी ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "असू दे. मी बघितलंय." आणि खरंच, उंबऱ्यात बसून बघितलेलं ते मनगट मला दिसलं. मी पंचा टाकला. थांबले. फेस घोळवला. गालांवरून मशीन त्याच्या वजनानेच खाली आणलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा आणलं. मग स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि भोवऱ्याच्या कडेने, केस जातील तिकडे जात, गाठींना वळसा घालत गेले. गळ्याशी आले तेव्हा बाबांचा कंठमणी वरखाली व्हायला लागला. मी पातं उचललं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि फेसातून वाट काढत खाली जात होतं. कंठ हलत असताना पातं चालवता येत नाही. मी उभी राहिले. गॅलरीतली माणसंही उभी राहिली. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, तो बंद करायला कुणी गेलं नाही. बाबांनी डोळे पुसले नाहीत, तोंडही फिरवलं नाही. मान वर करून बसले होते तसेच बसून रडले. मग कंठ थांबला आणि ते म्हणाले, "हां, चालव."

रक्त आलं नाही. कुठे कुठे खुंट राहिले होते, ते मी राहू दिले. बाबांनी गालावरून हात फिरवला, खरखर त्यांना लागली असणारच, पण ते काही बोलले नाहीत. आईने आतून इस्त्रीचा सदरा आणून दिला.

दुपारी विहार भरलं होतं. गावची माणसं पुढे, चाळीतली मागे, बायका एका बाजूला. सरूकाकूंच्या शेजारी मला जागा दिली होती. बाबा आत आले तेव्हा कुजबुज झाली. कुणी म्हणालं, मास्तरांनी दम दिला म्हणून केली. कुणी म्हणालं, सुतक फिटलं वाटतं. मला ऐकू आलं म्हणजे बाबांनाही आलं असणार. वंदना झाली, विधी झाला. मास्तरांनी बाबांचं नाव पुकारलं. बाबा चांगले बोलायचे. जयंतीला त्यांचं भाषण ऐकायला शेजारच्या चाळींतून माणसं यायची, आणि एकदा उभे राहिले की त्यांना बसवणं अवघड असायचं. त्या दिवशी ते माइकसमोर गेले आणि जयभीम घातला. काकू माझा हात घट्ट धरून होत्या.

"मी सुतक धरलं, असं बोललं जातंय," बाबा म्हणाले. "गंगारामसाठी मी दाढी वाढवली नव्हती. दाढी करायला गंगाराम नव्हता, म्हनून ती वाढली. आज माझ्या मुलीनं केली."

आणि ते खाली बसले. गंगारामकाका कुठल्या गावचे, किती वर्षं मिलमध्ये होते, समाजासाठी त्यांनी काय केलं, यातलं एक अक्षरही त्यांनी सांगितलं नाही. मास्तर माइकपाशी आले, हातातल्या कागदावर पुढचं नाव होतं, ते त्यांनी बघितलं, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.